सलूनच्या पाकिटातले ऑब्जेक्ट

मास्तर बावीस वर्षं शाळेत गणित शिकवत होते. शाळा बंद पडली तेव्हा हातावर हात धरून न बसता ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात चिकटले. तिथेही सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

एका सलूनवाल्याचं अ‍ॅप त्यांच्याकडे होतं. केस कापले की गिऱ्हाइकाला एक डिजिटल टोकन मिळावं, दहा झाली की एकदा फुकट, असं त्याच्या डोक्यात होतं. त्यासाठी अ‍ॅपच्या पोटातच ही टोकनं साठवणारं क्रिप्टो पाकीट बसवायचं होतं. गिऱ्हाइकाने नुसता ईमेल टाकायचा, पाकीट आपोआप तयार.

पाकिटाची तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला आयता कोड, मिळाली. पण तिला आकडेमोडीची दुसरी एक लायब्ररी लागे, आणि तीही सहावी आवृत्तीच. अ‍ॅपमध्ये होती पाचवी. बसवायला घेतलं की चुकांच्या सूचनांनी पडदा लालेलाल.

"जबरदस्तीने बसवता येतं ना?" ऑफिसच्या मालकीणबाई म्हणाल्या. "उद्या दाखवायचंय."

"येतं. पण मग दोन्ही आवृत्त्या एका घरात राहतील आणि एकमेकींशी बोलणार नाहीत."

"मी आणि माझी जाऊ नऊ वर्षं तशाच राहतोय. चाललंय की."

मास्तरांनी नाइलाजाने जबरदस्ती केली. दुसऱ्या दिवशी सलूनवाला आला, त्याने ईमेल टाकला, पाकीट उघडलं. पडद्यावर आलं, 'शिल्लक: ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट'.

"म्हणजे दोन?" सलूनवाल्याने विचारलं.

"नमुना आहे," मालकीणबाई घाईने म्हणाल्या.

"छान आहे," म्हणत तो निघून गेला. मास्तरांचे मात्र कान लाल झाले. वर्गात कुणी असं उत्तर लिहिलं असतं तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

मग त्यांनी छडाच लावला. पाचवी आवृत्ती आकडा गाठोड्यात बांधून देत होती. सहाव्या आवृत्तीवर चालणाऱ्या पाकिटाला सुटा आकडा हवा होता, म्हणून ते गाठोडं न सोडताच त्यावर 'ऑब्जेक्ट' छापून मोकळं होत होतं. मास्तरांनी पाचवीला कायमचा नारळ दिला आणि सगळं अ‍ॅप सहावीवर आणायचं ठरवलं. कोड कागदावर छापून घेतला, बदलायच्या जागांना लाल पेनाने गोल केले. एकेचाळीस भरले. घरी जेवताना बायकोने विचारलं, "उत्तरपत्रिका परत कुठून आल्या?"

तिसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर स्वच्छ आलं, 'शिल्लक: ३'. मास्तर खुर्चीतून उठून एकटेच खोलीभर फिरून आले.

संध्याकाळी सलूनवाल्याचा फोन आला, मास्तरांनी तो स्पीकरवर घेतला. "मास्तर, हे तीन काय? ऑब्जेक्ट कुठे गेले?"

"ती चूक होती हो. दुरुस्त केली."

"अहो, मी बाहेर बोर्ड लावलाय, केस कापा आणि ऑब्जेक्ट मिळवा. कालपासून रांग आहे. एका आजोबांना तर डोक्यावर केस नाहीत, तेही बसलेत."

मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. मास्तर खुर्ची ओढून बसले आणि आकड्यापुढे तो शब्द स्वतःच्या हाताने टाइप केला. खाली पुढच्या प्रोग्रॅमरसाठी एक ओळ लिहिली: 'हे मुद्दाम आहे. कृपया दुरुस्त करू नये.'