बियाण्याची चिंधी

आमच्या गल्लीत चिंधी बांधलेल्या शेंगेला कोणी हात लावत नाही. लहान पोर लावत नाही, म्हातारा लावत नाही, आणि चोरी करून खाणारा बाबूलालसुद्धा लावत नाही. हा नियम माझ्या शेजाऱ्याचा, तेजरामभाऊचा. आमच्या दोघांच्या घरांच्या मध्ये एक मातीची भिंत, तीही कमरेएवढीच. त्यामुळे पस्तीस वर्षं त्याची वाडी मी माझ्या ओसरीवरून बघत आलो. घरामागच्या भाजीच्या तुकड्याला आम्ही वाडी म्हणतो.

थंडी पडली की वालाच्या वेलाला शेंगा लागतात. आमच्याकडे त्यांना पोपट म्हणतात. पहिल्या बहरातल्या सगळ्यांत भरदार शेंगा तेजराम हेरायचा आणि प्रत्येक शेंगेच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायचा. म्हणजे ही बियाण्याची. ही खायची नाही, वेलावरच वाळू द्यायची. आणि ज्याने चिंधी बांधली त्यानेच ती सोडायची. बी कधी पिकलं ते बांधणाऱ्यालाच ठाऊक, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बायकोने, रुखमावहिनीने, एकदा घाई करून दोन चिंध्या सोडल्या होत्या, तर हा गडी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मला तेव्हा हसू आलं होतं. एवढ्या तेवढ्या शेंगेसाठी कोणी बायकोशी अबोला धरतं का?

पण तो होताच तसा. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणायचे आणि तोही हसायचा. तो आंघोळ करायचा तो वांग्यांच्या वाफ्याशेजारच्या दगडावर बसून, म्हणजे पाणी वांग्यांना. तांदूळ धुतलेलं पाणी सांभाराला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. चुलीची राख मिरचीवर. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत रोपं. फाटलेल्या धोतराचं फडकं, फडक्याचं पोतेरं, आणि पोतेऱ्याच्याही शेवटी चिंध्या. मी एसटीत कंडक्टर होतो. भंडारा आगारात सव्वीस वर्षं काढली, तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली, पण इतका चिक्कू आणि इतका हाताचा सढळ माणूस एकाच अंगात पाहिला नाही. कारण स्वतः आयुष्यात चहात दुसरा चमचा साखर न घालणारा हा माणूस रोज सकाळी भिंतीवरून माझ्याकडे पालकाची जुडी टाकायचा. पैसे काढले की शिव्या द्यायचा.

दीड एकर धानाची शेती आणि ही वाडी, एवढ्यावर त्या दोघांनी संसार केला. दिवाळीपासून होळीपर्यंत त्यांच्या घरात विकतची भाजी आली नाही. वांगी जास्त झाली तर चकत्या करून खाटेवर वाळवायची, कोहळ्याच्या वड्या घालायच्या, त्या पावसाळ्यात खायच्या. त्यातून पोरगा प्रविण शिकला, नागपूरला कंपनीत लागला. पोरगा चांगला आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचून त्याला कोणी नावं ठेवायला नकोत. नावं ठेवायचीच तर मला ठेवा.

मागच्या वर्षीच्या थंडीत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. तेजरामने भिंतीवरून सांभार दिला. मी घेतला. जरा वेळाने पुन्हा आला, "भय्याजी, सांभार पायजे का?" मी म्हटलं, आत्ताच तर दिलात. तो हसला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी हसलो नाही. मग एकाच वाफ्याला दिवसभर पाणी देऊन त्याने लसूण कुजवला. मग एका दुपारी कवडू गुराखी त्याला तलावाच्या पाळीवरून हाताला धरून घेऊन आला. स्वतःच्या घरची वाट विचारत होता म्हणे.

रुखमावहिनीने हे सगळं झाकलं. लसूण कुजला तर म्हणाली, यंदा बीच खराब होतं. तलावावर गेला तर म्हणाली, मीच पाठवलं होतं. बाई कधी खोटं बोलली नव्हती, त्यामुळे तिला ते नीट जमत नव्हतं. शेवटी एक दिवस भिंतीपाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भय्याजी, प्रविणले सांगू नका. थो नेईल यायले. दुसऱ्या माळ्यावर खोली हाये त्याची. तिथं ना माती, ना झाड. हे तिथं काय करतील सांगा बरं? सुकून जातील."

मी शब्द दिला.

आणि खरं सांगतो, त्या बाईने कमाल केली. तिच्या लक्षात आलं की नवरा पोराचं नाव विसरतो, जेवलो की नाही ते विसरतो, पण चिंधी विसरत नाही. लाल चिंधी दिसली की त्याचा हात जागच्या जागी थांबतो. मग तिने त्याच लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या. गॅसच्या बटणाला चिंधी. विहिरीच्या रहाटाला चिंधी. फाटकाच्या कडीला चिंधी. त्या दिवसापासून तेजराम फाटकाबाहेर गेला नाही. कडीपर्यंत जायचा, चिंधी बघायचा, मान हलवायचा आणि परत वाडीत यायचा. दिवसभर माती उकरायचा, तण काढायचा, कधी तणाबरोबर मेथीही उपटायचा. वहिनी ती मेथी निवडून भाजीला घ्यायची. काही वाया जात नव्हतं. एक अख्खं वर्ष तिने असं काढलं. मला वाटायचं, चाललंय की, निभेल.

यंदा पौषात अड्याळला तिच्या मावसभावाची तेरवी होती. जाणं भाग होतं. सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी परत येते म्हणाली. "लक्ष ठेवजा," एवढंच मला म्हणाली. नवऱ्यासाठी तिने डब्यात भात आणि पोपटाच्या दाण्यांची भाजी ठेवली. डब्याची कडी तुटलेली होती. दुसऱ्या घरात नवा डबा आला असता. या घरात कडी तुटली म्हणून डबा टाकत नाहीत. झाकण पडू नये म्हणून तिने ते पट्टीने बांधलं. घाईत हाताला लागली ती पट्टी घेतली, आणि हाताला लागली ती लाल होती.

मी लक्ष ठेवलं. ठेवलं म्हणजे काय, ओसरीवर बसून पेपर वाचत अधूनमधून मान वर केली. तेजराम वाडीत उन्हात बसला होता, डबा समोर. कोंबडी आली की काठीने हाकलायचा. दुपारी मी ओरडून विचारलं, "तेजरामभाऊ, जेवले का?"

तो म्हणाला, "हे बियान्याचं होय."

मला वाटलं, शेंगांबद्दल बोलतोय. मी हसलो आणि आत जाऊन जेवलो, वर एक झोप काढली. ती झोप आजही माझ्या अंगाला चावते.

दुपारची गाडी आलीच नाही. वहिनी आली तेव्हा दिवस बुडत होता आणि गारठा सुटला होता. तिचा आवाज ऐकून मी भिंत ओलांडून गेलो. तेजराम तिथेच, त्याच जागी. ओठ पांढरे पडलेले. डबा जसाच्या तसा बांधलेला. सकाळपासून अन्नाचा कण नाही, आणि पाण्यासाठी उठला तर डबा कोण राखणार म्हणून पाणीही नाही. तिला बघून त्याचा चेहरा खुलला. "कोनाले हात नाई लावू देला म्या," तो म्हणाला. केवढ्या अभिमानाने म्हणाला ते मी लिहू शकत नाही.

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. एकदा नाही, दोनदा नाही. मला तिचा हात धरावा लागला. "मीच उपाशी मारत होती यायले, भय्याजी," ती म्हणत होती, "मीच बांधली, मीच बांधली." मी तिला सावरून बसवलं आणि डब्याची गाठ सोडायला गेलो, तर तेजरामने माझ्या हातावर काठी मारली. शेवटी वहिनीनेच गाठ सोडली, कारण बांधली तिने होती. तेव्हा कुठे तो जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रविणला फोन केला. दिलेला शब्द मोडला. मी घाबरलो होतो, हे एक. आणि दुसरं, मला माझी जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकायची होती. लोक म्हणतात भय्याजीने शेजारधर्म पाळला. खरं काय ते मला माहीत आहे.

प्रविण तिसऱ्या दिवशी मित्राला आणि त्याची गाडी घेऊन आला. बापाला बघून ढसाढसा रडला. रागावला तो आईवर, तेही रडतरडतच. "वर्षभर लपवलं तू आई? काहून लपवलं? तिथं डॉक्टर हायेत, दवाखाना हाये." प्रविण म्हणाला, तूही चल. पण गाय नुकतीच व्यालेली, धानाच्या बांधीत लाखोळीचं पीक उभं, आणि तिकडे एका खोलीत आधीच तो, त्याची बायको, लहान मुलगी. शेवटी ठरलं की बाबांना आत्ता न्यायचं, आई होळीपर्यंत सगळं आवरून येईल. आधीची रुखमावहिनी असती तर फाटकात आडवी झाली असती. पण त्या डब्याने तिच्यातला जोर काढून घेतला होता. ती "ने बापा" म्हणाली आणि भाजी तोडायला वाकली. वांगी, पालक, पोपट, सांभार, दोन पिशव्या भरल्या. चिंधीच्या शेंगा तेवढ्या राहू दिल्या.

निघायच्या वेळी तेजराम वाडीत होता. प्रविण त्याला न्यायला गेला तर तो म्हणाला, "या साहेब." पोराला त्याने ओळखलं नाही. भाजी न्यायला कोणी व्यापारी आला, असं वाटलं असावं. भरलेल्या पिशव्या पाहून त्याने मान हलवली, सगळं न्या म्हणाला. मग त्याला पिशव्यांजवळ उभी असलेली वहिनी दिसली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. नाव आठवत नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मग त्याने कमरेच्या पिशवीतून एक लाल चिंधी काढली, तिचा हात हातात घेतला आणि मनगटावर बांधली. दोन गाठी मारल्या, शेंगेला मारतो तशा.

"साहेब," तो प्रविणला म्हणाला, "बाकी सगडं न्या. हे बियान्याचं होय. हे येलावरच राहू द्या."

प्रविण खाली बसला. मातीतच बसला. मला वाटलं, आता हा गाडी परत पाठवणार. मला वाटलं, आता मी काहीतरी बोलावं. बोलावं की, राहू दे रे, मी बघतो, ह्या वेळी खरंच बघतो. जीभ उचलली नाही. बाहेर मित्राने हॉर्न दिला. प्रविण उठला, डोळे पुसले, बापाचा हात धरला. फाटकाच्या कडीला चिंधी होती. तेजराम तिथे थांबला. वहिनीने पुढे होऊन ती सोडली, तेव्हाच तो बाहेर पडला.

आता फाल्गुन लागला आहे. लाखोळी निघाली. गाय कवडूकडे द्यायचं ठरलं आहे. प्रविणचा फोन येतो. औषध सुरू आहे, जेवण ठीक, पण बाबा आता बोलतच नाहीत. वहिनी "बरं" म्हणते आणि फोन ठेवते. परवाच्या दिवशी ती नागपूरला जाणार.

काल मी भिंतीपाशी उभा होतो. वाडी सुकली आहे. वेलावर चिंधीच्या शेंगा तेवढ्या तशाच लोंबतात, कडकडीत वाळलेल्या. काही उन्हाने तडकल्या आणि बी खाली मातीत सांडलंय. कोंबड्या टिपून राहिल्या होत्या. पस्तीस वर्षं जे बी एका दाण्यानेही वाया गेलं नाही, ते असं जाताना मला बघवेना.

"वहिनी," मी म्हटलं, "चिंध्या सोडा आता. बी चाललं सगळं."

ती वांग्याची वाळलेली झाडं उपटत होती. उठली, भिंतीजवळ आली. मनगटावरच्या चिंधीचा रंग भांडी घासून घासून पार उडाला होता, पण दोन्ही गाठी घट्ट होत्या. तिने हात भिंतीवरून माझ्यासमोर धरला.

"फोन तुमीच केला होता न, भय्याजी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मंग पयले हे सोडा. मंग मी शेंगांच्या सोडतो."

मी त्या हाताकडे बघत उभा राहिलो. माझ्याच्याने हात लावला गेला नाही.