आबांचं खोंड

कुठलंही जनावर समोर आलं की आबा आधी त्याचं तोंड उघडून दात बघायचे. सुनेच्या पाचगणीच्या मैत्रिणीने दिलेलं टेरिअरचं पिल्लू घरी आलं, तेव्हाही त्यांनी दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, शेपटी उचलली आणि निकाल दिला, "आदत हाय अजून. खोंड बरं निघंल."

आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेलं, खोंड म्हणजे तरणा बैल. हे बैलाबद्दल बोलायचं असतं हो. हे तर सशाएवढं, पांढरं, हनुवटीला दाढी असलेलं प्रकरण. सुनेने त्याचं नाव टॉफी ठेवलं होतं. आबांनी ते कधी तोंडातून काढलं नाही.

कराडकडची बैलजोडी विकून, शेत वाट्याने देऊन आबा साताऱ्यात आमच्या शेजारी, मुलाच्या बंगल्यात आले होते. गुडघे गेले होते, दुसरा इलाज नव्हता. सून कॉलेजात शिकवायची. ती टॉफीला रोज 'सिट' शिकवायची आणि टॉफी तिच्याकडे बघून जांभई द्यायचा. आबा बैलाला थांबवतात तसं नुसतं "हो रं, हो" म्हणाले की मात्र पळता पळता जागच्या जागी उभा. याचा तिला भारी राग यायचा.

आषाढ लागला, बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा जवळ आला. एका सकाळी आबा पिशवी भरून म्हणाले, "दावणीला जनावर न्हाई असा बेंदूर म्या जल्मात केला न्हाई. गावाकडं जातो." गावचा गोठाही रिकामाच होता. पण गेले तर ते परत यायचे नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं.

"मग ह्याचाच करा की बेंदूर," सुनेने वैतागून टॉफीकडे बोट केलं.

आबांनी पिशवी खाली ठेवली.

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात तशी रीतसर खांदेमळणी झाली. जीभ पोचली तिथलं लोणी टॉफीने चाटलं; नाही पोचली तिथली हळद पुढे कित्येक दिवस टिकली. सकाळी पुरणपोळी, सुनेच्या ब्लाउजपीसची झूल, गळ्यात घुंगरू. शेपटीला गोंडा बांधला, तो धरायला टॉफी गोल गोल फिरत राहिला. मग हलगीच्या तालावर, खिलार बैलांच्या मागे, आबा छाती काढून निघाले. टॉफी पुढच्या बैलावर मनापासून भुंकत होता. बैलाने मागे वळूनही पाहिलं नाही.

पेठेतल्या एसटीडी बूथवाल्याने हसत विचारलं, "आबा, शिंगं कुठं हायत?"

"यायची हायत अजून," आबा म्हणाले आणि चालू लागले.

पुढे दर वर्षी हेच. प्रश्न तोच, उत्तर तेच, आणि मिरवणूक घरावरून जाताना आम्ही सगळे फाटकाशी उभे राहून पोट धरून हसायचो. सून तेवढी लाजून आत बसायची.

मग एका उन्हाळ्यात आबा झोपेतच गेले. आषाढ आला. यंदा हलगी ऐकायला नको, म्हणून मी बेंदराला बाजाराचं निमित्त काढून बाहेर पडलो, तर पेठेत मिरवणुकीच्या शेवटी सून. कॉलेजची साडी, हातात दोरी, पुढे पिवळाधमक टॉफी.

बूथवाल्याने नजर चुकवली. ती त्याच्यासमोर आली. "हो रं, हो," म्हणाली. टॉफी उभा राहिला.

"विचारा की," ती बूथवाल्याला म्हणाली.

तो चाचरत म्हणाला, "वहिनी, शिंगं कुठं हायत?"

"यायची हायत अजून," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावायच्या आत टॉफीने तिला पुढे ओढून नेलं.