पाच खाचांची नळी

आमच्या गावात आर्डिस ब्रेके सहजासहजी कुणाला माफ करत नाही, हे पोरांनाही ठाऊक आहे. ती त्यांची शाळेची बस चालवते. खिडकीतून संत्र्याची साल फेकणाऱ्याला मेमध्ये शाळेचं वर्ष संपेपर्यंत पहिल्या बाकावर, तिच्या आरशासमोर बसावं लागतं. साठी आली तिची. लग्न केलं नाही. नदीकाठच्या घरात ती आणि तिचे वडील ऑरिन, दोघंच राहत. ऑरिन सहा वर्षांपूर्वी गेला.

एकतीस वर्षांपूर्वी नेमबाजी क्लबच्या स्पर्धेत ऑरिन पहिला आला होता. क्लबचा नियम असा की रायफल स्वतःची हवी आणि शिशाच्या गोळ्याही स्वतः ओतलेल्या हव्यात. दुसरा आला डेल्बर्ट क्रूस. बंदुका दुरुस्त करणारं गावातलं एकुलतं एक दुकान त्याचं, त्यामुळे मोजमापात त्याचा शब्द शेवटचा. त्यानं ऑरिनची रायफल मागून घेतली, नळीच्या आतल्या मापाचा ठसा घ्यायला मऊ शिशाचा तुकडा तिच्यातून ठोकत पार काढला आणि सगळ्यांसमोर मायक्रोमीटरमध्ये, बारीक जाडी मोजायच्या हत्यारात, धरला. इंचाचे तीनशे अकरा हजारांश. ऑरिनच्या गोळ्या होत्या तीनशे चौदाच्या.

"अकराच्या नळीला चौदाची गोळी कुणी ओततं का, ऑरिन?" डेल्बर्ट म्हणाला. "ज्या दुसऱ्या रायफलीनं मारलंस ती पण दाखव की."

"मी आकडे बघून ओतत नाही," ऑरिन म्हणाला. "नळीला मानवेल ती ओततो."

लोक हसले. ऑरिन बाद ठरला आणि भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर त्या वर्षापुढे डेल्बर्टच्या नावाची पितळी पट्टी बसली.

त्या आठवड्यात वडील बाहेर गेलेले पाहून आर्डिसनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेल अंथरला. रायफल रिकामी आहे ना हे दोनदा पाहिलं, नळीमागचा बोल्ट काढून ठेवला, नळीत तेल सोडलं आणि शिशाचा तुकडा लाकडी दांड्यानं हळूहळू ठोकत बाहेर काढला. मागून आणलेल्या मायक्रोमीटरनं चार वेळा मोजला. चारही वेळा अकराच. तेवढ्यात ऑरिन दारात आला. त्यानं टेबलाकडे पाहिलं, टोपी खुंटीला लावली, कपात कॉफी ओतली.

"किती आलं?"

"अकरा."

"बरं," तो म्हणाला. पुढे पंचवीस वर्षं त्यानं त्या रायफलीला हात लावला नाही आणि तिनंही विषय काढला नाही.

या मार्चमध्ये आर्डिसनं रायफल विकायला काढली. फोनवर गिऱ्हाईकानं नळीचा व्यास विचारला. तिनं अकरा सांगितला. "नळीत आतून खाचा किती आहेत, बाई?" त्यानं विचारलं. तिला माहीत नव्हतं. "मोजा आधी. पाच असतील तर साध्या मायक्रोमीटरवर जाऊ नका, तो खोटं बोलतो."

तिनं शिशाचा नवा तुकडा नळीतून काढला आणि दिव्याखाली फिरवून पाहिला. त्यावर नळीतल्या खाचांचे उंचवटे उठले होते. पाच. कुठल्याच उंचवट्यासमोर दुसरा उंचवटा नव्हता, खळगा होता. मायक्रोमीटरचे सपाट जबडे एका बाजूला माथ्यावर टेकत आणि दुसऱ्या बाजूला माथ्याच्या खाली, कडांवर, म्हणून आकडा कमी यायचा. मग गिऱ्हाईकानं सांगितल्याप्रमाणे तिनं दोन हजारांश जाडीचा पितळी पत्रा तुकड्याभोवती गुंडाळला, मोजलं आणि पत्र्याचे दोन्ही बाजूंचे मिळून चार वजा केले.

तीनशे चौदा.

त्या आठवड्यात ती बस इतकी सावकाश चालवत होती की पोरांनी तिला बरं आहे का म्हणून विचारलं.

शनिवारी क्लबात हंगामाची सुरुवात होती. पॅनकेक, सॉसेज, किटलीभर कॉफी. डेल्बर्ट, आता सत्त्याहत्तर वर्षांचा, नेहमीप्रमाणे कोपऱ्यातल्या टेबलावर हत्यारं मांडून सभासदांना मापं काढून देत होता. आर्डिस रांगेत उभी राहिली.

"मिस्टर क्रूस, एक रायफल विकतेय. गिऱ्हाईकाला आकडा हवाय. तुमच्या तोंडून आला तर त्याचा विश्वास बसेल."

"एवढी गोड कधीपासून बोलायला लागलीस?" डेल्बर्ट म्हणाला, तेव्हा रांगेतले हसले. तिनं पुढे केलेला शिशाचा तुकडा त्यानं बोटांत फिरवला. हातातला मायक्रोमीटर बाजूला ठेवून पेटीतून दुसरा काढला, ज्याचा एक जबडा इंग्रजी व्ही अक्षरासारखा होता.

"तीनशे चौदा. लिहून घे."

"तो पहिला का नाही वापरलात?"

"पाच खाचा आहेत. त्यानं मोजलं तर दोन-तीन हजारांश कमी येतात. हे माझ्याकडे शिकायला आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात कळतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"मला? विशीत, सैन्यात होतो तेव्हा. का?"

"ही ऑरिन ब्रेकेची रायफल आहे," आर्डिस म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी पॅनकेक परतणाऱ्या बाईनं उलथणं खाली ठेवलं.

डेल्बर्टनं तुकडा पुन्हा हातात घेतला, जणू आकडा बदलेल. "एकतीस वर्षं झाली, आर्डिस. तेव्हा आम्ही तरुण होतो."

"तू शेहेचाळीस वर्षांचा होतास."

कुणीतरी खोकलं. डेल्बर्टनं इकडेतिकडे पाहिलं. तिथले निम्मे लोक त्या दिवशी हसले होते, ते आता ताटलीत बघत होते.

"काय हवंय तुला? माफी?"

"माफी बाबांना हवी असती. मला फळीवरची ती पट्टी खाली हवीय."

क्लबचा अध्यक्ष उठला आणि म्हणाला, मी काढतो, डेल्बर्टचे हात थरथरतात.

"थरथरू देत," आर्डिस म्हणाली. "त्या दिवशी चांगले स्थिर होते."

डेल्बर्ट पेचकस घेऊन फळीकडे गेला. पट्टीला चार स्क्रू होते. पेचकस दोनदा घसरला. तिसऱ्या स्क्रूशी त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती, हातात कॉफी होती, आणि चेहऱ्यावर आनंद म्हणावा असं काही नव्हतं. मीही मोजलं होतं, मलाही अकराच पटलं होतं, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं असावं. तिनं ते कॉफीबरोबर गिळलं.

"चौथा गंजलाय," डेल्बर्ट म्हणाला. "निघत नाही."

"सावकाश काढ," ती म्हणाली. "मी बसलेय."