वेळेच्या आत सही

आमच्या टोळीच्या मुकादमाला सगळे ‘घड्याळ’ म्हणत. रूळदुरुस्तीसाठी दोन तास गाड्या थांबवून मिळाल्या, की हा एक तास पंचावन्न मिनिटांत मार्ग मोकळा करून देणार. बावीस वर्षांत मिनिटभर जादा मागितलं नाही, हे तो आम्हाला दिवसातून तीनदा ऐकवायचा. आम्ही त्याच्या पाठीमागे हसायचो, आणि दुसऱ्या टोळीपुढे त्याच्याच जोरावर मिशीला पीळ द्यायचो.

एका दुपारी रूळ बदलला, पण शेवटच्या सांध्यात भोकं जुळेनात. नव्या रुळाकडचे दोन्ही बोल्ट बसेचनात. स्टेशनमास्तरांकडे पंधरा मिनिटं मागायची, एवढंच. मुकादमाने फोन लावला आणि सांगितलं, मार्ग ठीक आहे, गाडी सोडा. कागदावर सहीही ठोकली. ही गाडी गेली की बसवू, म्हणाला. आम्ही नऊ जण तिथेच होतो. एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही.

रोज पायी फिरून सांधे तपासणारा चावीवाला म्हणजे मुकादमाचा धाकटा मेहुणा. तो मागून आला, सांध्याशी वाकला आणि लाल झेंडा घेऊन गाडीच्या दिशेने धावत सुटला. गाडी सांध्यापासून शंभर पावलांवर थांबली. खिडक्यांतून माणसं काय झालं म्हणून विचारत होती. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

चौकशीत मेहुणा खाली बघून म्हणाला, तो सांधा माझ्याकडे होता, झाला म्हणून मीच सांगितलं, पण बोल्ट माझ्याकडून राहिले. बहिणीचा विचार केला असणार. लेखी ताकीद त्याला मिळाली. मुकादम शेजारी उभा होता. त्याने हूं की चूं केलं नाही.

पुढच्या कामाला सगळं वेळेत उरकलं, तरी मुकादम सही करेना. फोन दोनदा वाजून थांबला.

“भाऊजी, सगळं घट्ट आहे. करा सही,” मेहुणा म्हणाला.

“तू परत एकदा हात लावून बघ. माझ्या सहीवर माझाच विश्वास राहिला नाही.”

मेहुण्याने प्रत्येक बोल्ट तपासला. मग मुकादमाने सही केली, मार्ग मोकळा झाल्याचं मास्तरांना कळवलं आणि फोन न ठेवताच म्हणाला, “मास्तर, त्या दिवशी बोल्ट मी सोडले होते. साहेबांना सांगा.”

त्याची मुकादमी गेली. निवृत्तीपर्यंत तो आमच्याबरोबर पहार चालवत राहिला. त्या दुपारी तुम्ही गप्प का बसलात, असं त्याने आम्हाला कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.