आला नाही म्हणजे बरा झाला

इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी दवाखान्याचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि एका कॉलमवर पेन्सिल टेकवली.

"हे रिकामं का?"

"त्या रोग्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, सर."

"महिनाभर आला नाही की क्युअर्ड लिहायचं. तुमच्या आधीच्या तिघांनी तसंच लिहिलंय."

"म्हणूनच मी लिहिलं नाही," मी म्हणालो.

दाराशी उभे असलेले नामदेवराव कंपाउंडर हळूच व्हरांड्यात सरकले. पुढे काय होणार ते त्यांना कळलं असावं. मलाही कळलं होतं.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मी मूळचा अमरावतीचा. नागपूरला शिकून डॉक्टर झालो आणि अकोल्याच्या वाटेवरच्या एका बाजारगावात बोर्डाच्या दवाखान्यात लागलो. गावाचं नाव सांगत नाही. नोकरी अजून कायम झाली नव्हती. ती कायम करायची की नाही, हे या इन्स्पेक्शनच्या रिपोर्टवर ठरणार होतं.

आमच्याकडे डोळ्यांचे रोगी फार. बहुतेकांना खुपऱ्या. पापणीच्या आतल्या बाजूला बारीक पुरळासारखे दाणे येतात. डोळा खुपतो, गळतो. वर्षानुवर्षं तसंच चाललं तर पापणी आत वळते, तिचे केस बुबुळावर घासतात आणि हळूहळू नजर जाते. आजच्यासारखी मलमं तेव्हा नव्हती. पापणी उलटी करायची, मोरचुदाच्या कांडीनं दाणे घासायचे आणि पाण्यानं धुवायचं. एक दिवसाआड, असं कित्येक महिने. रोगी चार-पाच वेळा यायचा आणि मग दिसेनासा व्हायचा. नामदेवराव त्याच्या नावापुढे क्युअर्ड लिहायचे. माझ्यासमोर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी कारण विचारलं.

"आला नाही म्हणजे बरा झाला," ते म्हणाले. "बरा नसता तर आला नसता का?"

हे मला पटलं होतं, हे कबूल करतो. सहा महिने मीच त्याखाली सह्या केल्या.

एका बाजाराच्या दिवशी मी वांगी घ्यायला गेलो. भाजी विकणारी बाई डोळे अर्धवट मिटून बसली होती. एकेक वांगं बोटांनी चाचपून कीड आहे का ते बघत होती आणि मग टोपलीतून उचलून देत होती. चेहरा ओळखीचा वाटला. गिरजाबाई. गावापासून दोन कोसांवर विहिरीच्या पाण्यावर तिच्या घरची बाग होती, वांगी, मिरची आणि झेंडूची. आमच्या रजिस्टरात ती उन्हाळ्याच्या आधीच बरी झालेली होती.

मी ओळख दिली आणि डोळे कसे आहेत असं विचारलं.

"कायचे बरे, डॉक्टर?" ती म्हणाली. "तुमच्याकडं आली का दोनी डोये बंद. सकायी घासता, मंग दोन कोस उन्हात मले घरी कोन नेऊन घालते? एक डाव नाल्यात पडली. तवापासून आलीच नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. गिऱ्हाईकाला भाव सांगावा तसं सांगत होती. मला मात्र तिथे उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी मी नामदेवरावांना माझाच डोळा घासायला लावला. यात शहाणपणा नव्हता. निरोगी डोळ्याला असलं काही करू नये आणि कुणी करूही नये. ते तयार होईनात. मी कांडी हातात दिली आणि एकदाच, हलक्या हातानं फिरवा म्हणालो. मग डोळ्याला रुमाल लावून पोस्टापर्यंत चालत निघालो. एका डोळ्यात आग झाली आणि दुसराही आपोआप मिटायला लागला. अर्ध्या वाटेत एका बैलबंडीवर आदळलो. बंडीवाल्यानं मला दारुड्या समजून शिव्या दिल्या.

त्यानंतर मी एक वही केली. क्युअर्ड लिहिलेल्या लोकांची नावं काढली आणि सापडतील तिथे जाऊन विचारलं. बाजारात, विहिरीवर, कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी. एकच प्रश्न विचारायचो, येणं का सोडलं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचो. त्यांची भाषा सुधारायची नाही, असं ठरवलं होतं. सुधारायला लागलो असतो तर मला हवं तेच लिहिलं गेलं असतं.

सगळीच उत्तरं कामाची नव्हती. एक म्हातारा मोरचुदाऐवजी शेळीचं दूध घाला म्हणून हटून बसला. एकाला मी तालुक्याला त्याची तक्रार करणार असं वाटलं. पण तीन गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकू आल्या. सकाळची आठ ते अकरा ही वेळ भाजीवाल्यांच्या आणि मजुरांच्या मुळावर येत होती. घासल्यावर दोनेक तास कुठेतरी सावलीला बसायला हवं होतं. आणि घरात एकच सुरम्याची सळई सगळ्यांच्या डोळ्यांतून फिरत होती, त्यामुळे एकाचा डोळा निवळला तरी पुन्हा धरायचा. ही तिसरी गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. पण कुणाच्या घरात जाऊन सळई बघितली नव्हती.

गिरजाबाईनं मात्र उपायच सांगितला.

"दोनी डोये एकाच दिवशी काहून घासता? आज एक घासा, परवा दुसरा. एका डोयानं रडीन, एका डोयानं वाट पाहीन."

मी पुस्तकं चाळली. एका वेळी एकच डोळा घासू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. घासा, असंही नव्हतं. उपचार लांबणार हे उघड होतं. पण लांबलेला उपचार सोडून दिलेल्या उपचारापेक्षा बरा, असा मी हिशेब केला.

डोळ्यांची वेळ दुपारी चारची केली. मागच्या पडवीत सावलीसाठी बांबूच्या तट्ट्या बांधल्या, पाण्याचा माठ आणि स्वच्छ फडकी ठेवली. एक दिवसाआड एकच डोळा. येताना घरातल्या सगळ्यांना घेऊन यायचं आणि सळई ज्याची त्याची वेगळी. नामदेवराव पहिले पंधरा दिवस कुरकुरले. मग तेच लोकांना सळयांवरून दम भरायला लागले. माणसं टिकायला लागली. जे आले नाहीत, त्यांच्यापुढे मी काहीच लिहीत नव्हतो. साहेबांच्या पेन्सिलीखाली आलेला कॉलम तो हाच.

साहेब वाईट माणूस नव्हते. पुण्याकडचे, हुशार, हाताला फार सफाई असलेले सर्जन. पण चौकटीबाहेर काही दिसलं की त्यांना तो गुन्हा वाटायचा. त्यांनी दुपारच्या वेळेचा विषय काढला, एका डोळ्याच्या पद्धतीचा काढला आणि शेवटी वही मागितली. दोन पानं वाचून ती मिटली.

"रोग्यांनी आता आपल्याला ऑप्थॅल्मॉलॉजी शिकवायची?"

"नाही, सर. आपण कुठे चुकतो तेवढं त्यांनी सांगायचं. बाकी आपण शिकलेलो आहोतच."

त्यांना राग आला. चार वाजले होते आणि पडवी भरली होती. ते उठून तिकडे गेले आणि पहिल्याच बाईसमोर थांबले. ती गिरजाबाई होती, हा योगायोग नव्हता. ती नेहमीच पहिली बसायची. या उपचाराचा खरोखर गुण येतोय का, असं त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं.

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. एक डोळा आता बराच उघडत होता.

"तुमी कदी घासून घेतला का डोया?"

"मी?" साहेब म्हणाले. "नाही."

"मंग यायले पुसा. यायनं घेतला."

साहेबांना ते उद्धट वाटलं. आमच्याकडे लोक असेच बोलतात, पण ते समजावण्याची ती वेळ नव्हती. ते माझ्याकडे वळले. मी मान हलवली. ते टेबलाशी परत आले. मग खुर्चीत बसले, रजिस्टर उघडलं आणि माझ्यासमोर पेन ठेवला.

"क्युअर्ड लिहा. ही ऑर्डर आहे."

नोकरी माझ्या डोळ्यांसमोर होती. घरी आई होती, पाठची बहीण लग्नाची होती. तरी मी पेन उचलला आणि प्रत्येक रिकाम्या चौकोनात एकच उत्तर लिहीत गेलो, माहीत नाही. चार पानं भरली. साहेब शेवटपर्यंत बघत बसले. मग त्यांनी खाली रिमार्क लिहिला. मी आज्ञा मोडतो आणि माझी मेळघाटात बदली व्हावी, असा.

दीड महिन्यात बदली आली. चिखलदऱ्याच्याही पलीकडे, जंगलातला दवाखाना. तिथे हिवतापानं मला दोनदा झोपवलं. नोकरी कायम व्हायला बरोबरीच्यांपेक्षा तीन वर्षं जास्त लागली. गिरजाबाईचा उजवा डोळा चांगला राहिला. डाव्याच्या बुबुळावर फूल पडलं होतं, ते गेलं नाही. मी तिच्याकडे उशिरा पोचलो होतो.

माझ्या जागी आलेल्या डॉक्टरांचं त्या पावसाळ्यात पत्र आलं. रुजू होताच त्यांनी साहेबांच्या ऑर्डरप्रमाणे वेळ पुन्हा सकाळची केली होती. सकाळी डोळ्यांचा एकही रोगी आला नाही. दुपारी चारला सगळे आले आणि पडवीत बसून राहिले. दवाखाना बंद आहे असं त्यांनी सांगितलं. कुणी वाद घातला नाही आणि कुणी उठलंही नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता डॉक्टरांनीच कांडी हातात घेतली. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं की यांना हे तुम्ही शिकवलं का?

मी उलट टपाली कळवलं की नाही, मीच त्यांच्याकडून शिकलो. पुढे पस्तीस वर्षं डॉक्टरकी केली. रोगी यायचा थांबला की आधी स्वतःवर संशय घ्यायचा, एवढी एक सवय मी त्या पडवीतून घेऊन निघालो. ती कधी महागात पडली नाही असं नाही. पण तिच्यामुळे रोगी दगावला, असं एकदाही झालं नाही.