आषाढातलं अंदमान

माझी सासुरवाडी भाईंदरजवळच्या उत्तनची. सासरे मासेमारी करणारे, त्यांचे वडीलही तेच आणि त्यांच्या आधीचे सगळेही तेच. मी रत्नागिरी जिल्ह्यातला. रत्नागिरी म्हटलं की समोरचा माणूस आपणहून तिला समुद्र जोडून टाकतो. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनीही तो जोडला.

"म्हनजे दर्याची सवय हाय," ते म्हणाले.

खरं तर आमचं गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी. समुद्र बघायचा तर दोन एस्ट्या बदलाव्या लागत. पण मुलगी मनात भरली होती. मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, "सवय? अहो मामा, दर्या म्हणजे आमचं अंगणच!"

त्या अंगणात मी आयुष्यात एकदाच उतरलो होतो. खाडी ओलांडायला होडीत बसलो, पंधरा मिनिटांचा प्रवास, आणि पाचव्या मिनिटाला शेजारच्या म्हातारीच्या टोपलीत सकाळची न्याहारी परत केली. म्हातारीने त्या टोपलीसकट मला पाण्यात टाकायचंच बाकी ठेवलं होतं.

लग्नानंतर बारा वर्षं मी हे गुपित सांभाळलं. उत्तनला दर नारळी पौर्णिमेला होड्या सजतात, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ समुद्राला देतात आणि घरच्या माणसांना होडीत बसवून फिरवून आणतात. जावयाला तर मानाने बसवतात. त्या मानापासून पळण्यासाठी मी काय काय केलं ते विचारू नका. ताप आणला, कंबर धरली, ऑफिसचं तातडीचं काम काढलं. माझे चार काका बरोबर त्या सणाच्या आदल्या दिवशी वारले, त्यातले एक तर दोनदा. दुसऱ्या वेळी बायकोने डोळे बारीक केले, पण दुखवट्यात माणसाला काय बोलणार?

आणि मग एका संध्याकाळी, नव्वदच्या दशकाच्या मध्यात कधीतरी, बायको ऑफिसातून आली ती एक फॉर्म नाचवतच. ती सरकारी नोकरीत. चार वर्षांतून एकदा सरकारी खर्चाने फिरायला जायची सवलत, ती तिने कधीच घेतली नव्हती, आणि डिसेंबर उलटला की ती बुडणार होती.

"अंदमान!" ती म्हणाली. "मद्रासहून जहाज. तीन दिवस नुसतं पाणी! विमान माझ्या हुद्द्याला बसत नाही, जहाज बसतं."

"तीन दिवस जायला?" मी विचारलं.

"आणि तीन यायला."

मी सोफ्याचा हात जहाजाच्या कठड्यासारखा धरला.

तिला मात्र थांबवणार कोण? लग्नानंतर आम्ही महाबळेश्वरच्या पुढे गेलो नव्हतो. तिने वही काढली. पहिला दिवस काळ्या पाण्याचा तुरुंग. दुसरा दिवस प्रवाळ, म्हणजे तळाला काच लावलेल्या होडीतून खालची रंगीत दुनिया बघायची. तिसरा दिवस पांढऱ्या वाळूचं बेट, तिथे लाँचने. चौथा दिवस आणखी एक बेट. मी त्या वहीतल्या होड्या मोजल्या, सात भरल्या. बेट म्हणजे काय, एका होडीतून उतरायचं आणि दुसरीत चढायचं! खालच्या मजल्यावरची गुजराती शेजारीण चहाला आली होती, तिने भर घातली, "भाभी, मेरे देवर गये थे. तीन दिन तक बेचारा सिर्फ नींबू चाटता रहा." बायको खो खो हसली. "आमच्या ह्यांना काय होतंय! ह्यांचं तर अंगण आहे."

मी हसलो. मनात हिशोब मांडला. सहा दिवस ती मला कठड्यावर लोंबकळताना बघणार. बारा वर्षांचं अंगण, चार काका, सगळं एका उलटीत वाहून जाणार. नकार द्यावा तर तिचं तोंड एवढंसं होणार, आणि ते मला उलटीपेक्षा जास्त जड जाणार होतं.

तेव्हा मी एक डाव टाकला. काय डाव होता, वा! कोळ्यांचा नियम मला बारा वर्षांत पाठ झाला होता. पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झावळ्यांनी झाकायच्या, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात पाऊल टाकायचं नाही. म्हणजे मी प्रवास आषाढात ठरवायचा आणि बाकीचं काम सासऱ्यांच्या संतापावर सोपवायचं. ते गरजणार, लेक बापाचं ऐकणार, ऑफिसात तारीख पुढे ढकलणार, पुढे मला रजा मिळणार नाही, आणि डिसेंबर आपोआप उलटणार. माझ्या हाताला डागसुद्धा नाही!

मी म्हणालो, "अगं, मला रजा फक्त आषाढात मिळतेय."

"पावसात?" ती म्हणाली.

"मामांना विचारून घेऊ ना. दर्याचं त्यांना जास्त कळतं."

रविवारी उत्तनला गेलो. बांबूंवर बोंबील वाळत होते, सासरे मांडवात बसून जाळं विणत होते. बायकोने वही उघडून सगळा बेत सांगितला, आषाढापर्यंत आली आणि मी गर्जनेची वाट बघत बसलो.

सासऱ्यांनी सुई खाली ठेवली.

"आषाढात?" ते म्हणाले. "झकास!"

"मामा, झकास कसं?" मी जवळजवळ ओरडलो. "नारळी पौर्णिमेच्या आधी दर्यात जात नाहीत ना?"

"तो नियम आपल्या होडीला, जावई. ते तर जहाज हाय, घरापरीस मोठं! आन दर्या तिकडला, आपला न्हाय." मग ते एकदम लहान मुलासारखे हसले. "आषाढात आमी रिकामेच की! दोन महिने घरात बसून ह्या बाईच्या शिव्या खायच्या. मी बी येतो. माझं तिकीट मी काढतो."

सासूबाई आतून म्हणाल्या, "घेऊनच जा त्यांना! मी भाईंदरला तुमच्या घरी येऊन नातीला सांभाळते, तिची शाळा नको बुडायला."

असा माझा डाव. कोळी माणसाला वर्षात सवड असते ती पावसाळ्यातच, हे माझ्यासारख्या डोंगरातल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. आता उलटी बायकोपुढेच नाही, सासऱ्यांपुढेही होणार होती, तीही त्यांच्याच पायाशी. बायको त्यांना मिठी मारून उड्या मारत होती. ती इतकी खूश मी आमच्या लग्नातही बघितली नव्हती.

पंधरा दिवस मी जेवलो तेही नावालाच. फॉर्म भरून तयार होता, सोमवारी तो ऑफिसात जाणार होता. त्याच्या आदल्या दिवशी मी एकटाच बस पकडून उत्तनला गेलो. वाटेत तीन वेळा उतरावंसं वाटलं. सासरे किनाऱ्यावर होडीच्या बुडाला तेल लावत होते. मी त्यांच्या शेजारी वाळूत बसलो आणि घडाघडा सगळं ओकून टाकलं. शब्दांनी, अर्थातच. टोपली, पायथ्याचं गाव, ताप, कंबर, चार काका.

त्यांचा तेलाचा हात थांबला नाही.

"काका सगळे जित्ते हायत?" त्यांनी विचारलं.

"दोनच होते मामा. दोघंही जिवंत आहेत."

"बरं झालं. मी त्या लहान काकांसाठी दोनदा डोकं बुडवून अंघोळ केली." मग ते इकडेतिकडे बघून माझ्या कानाशी आले. "आयका. दोन महिने आमी जमिनीवर असतो. नारळी पौर्णिमेनंतर पयल्या दिवशी होडी भाईर काढली की मी ओकतो. बाजूचा ओकतो. पलीकडच्या होडीवाला बी ओकतो. अख्खा गाव कठड्यावर वाकतो, आन घरी येऊन कोन सांगतो काय? बायकांना हे कळता कामा न्हाय."

छातीवरून कुणीतरी अख्खी होडी उचलून घेतल्यासारखं वाटलं. बारा वर्षं ज्या माणसासमोर मी मर्द बनून बसलो होतो, तो दर वर्षी एक दिवस माझ्याचसारखा पांढराफटक पडत होता!

"मग जहाजावर?" मी विचारलं.

"आषाढात तर मी महिनाभर जमिनीवर बसलेला असनार," ते म्हणाले. "पयल्या दिवशी माझी बी खैर न्हाय. म्हनून तर मला तुमच्या बाजूचीच जागा पायजे. पोटात ढवळलं की दोघं उठायचं, आन पोरीला सांगायचं, जरा मासे बघून येतो."

मी घरी आलो, फॉर्मवर जिथे जिथे माझी सही लागत होती तिथे तिथे करून टाकली, आणि बायकोला म्हणालो, "मामांची जागा माझ्या शेजारीच सांग हं. आम्हाला मासे बघायचेत."