अश्विनीची खरी वेळ

हे मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही. आज सांगतोय ते वैतागून. परवा कुंडलच्या स्टँडवर चहा पिताना एकानं पुन्हा तेच विचारलं – "सर, तुमी मिलिटरीतलं. भरतीत पळायला पोरींना येगळा टाइम असावा का पोरांचाच?" आणि माझ्या तोंडातून ठरलेलं उत्तर आलं. पगार सारखा, वर्दी सारखी, मग वेळही सारखीच. आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. मला माझ्याच आवाजाची शिसारी आली. किती वर्षं हे बोलणार आहे मी?

मी फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालो. सगळी नोकरी पीटी घेण्यात गेली. गावाकडं आलो, उसाच्या रानालगत एक मैदान भाड्यानं घेतलं आणि भरतीची पोरं पळवायला लागलो. पुढं अग्निवीरमध्ये मुलींची भरती आली, तशा मुलीही यायला लागल्या. सोळाशे मीटर म्हणजे आमच्या मैदानाच्या चार फेऱ्या. मुलांना पावणेसहा मिनिटं, मुलींना आठ. मला त्या आठ मिनिटांचा राग यायचा. का? – मलाच नीट माहीत नाही. पण रोज सकाळी चाळीस पोरांसमोर मी त्यावर टोमणा मारायचो, आणि पोरं हसली की मला बरं वाटायचं. हेही लिहून टाकतो.

अश्विनी आटपाडीकडची. घरची मेंढरं, वडील वर्षातले सहा महिने कळपामागं. कुंडलला मावशीकडं राहून माझ्याकडं यायची. वय वीस संपत आलेलं, म्हणजे भरतीची ही शेवटचीच संधी. बोलायची कमी. माझे टोमणे तिनं दोन महिने ऐकून घेतले. मग एका शनिवारी, मी 'सवलतीतली वर्दी' असं काहीतरी बोललो आणि ती रांगेतून पुढं आली.

"सर, माझं पोरांच्या टायमात घ्या."

पोरं हुर्यो करायला लागली. मीही चढलो. म्हणालो, "उद्या घेतो. एक जरी पोरगी पावणेसहात आली ना, तर ही शिट्टी मी खाली ठेवीन." कुणी सांगितलं होतं असं बोलायला?

रविवारी ती एकटी पळाली. चाळीस पोरं कडेला उभी. घड्याळ एकच, माझ्या गळ्यात. मोबाइल मैदानावर आणायचे नाहीत, हा नियमही माझाच. पहिल्या दोन फेऱ्या मी निवांत होतो. तिसरीत पोरांचा आवाज बंद झाला. चौथीत – काय सांगू – पायाचा आवाजच येत नव्हता तिच्या. मी इतकी वर्षं माणसं पळताना बघितली आहेत, मला घड्याळ बघायची गरज नव्हती. तरी बघितलं. पाच मिनिटं चौतीस सेकंद.

आणि मी म्हणालो, "पाच छप्पन्न. अकरा सेकंदांनी राहिलं."

एवढंच. बटण दाबून आकडे शून्यावर आणले. त्याला किती वेळ लागतो?

ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकली होती. तशीच मान वर करून म्हणाली, "अकरा व्हय? मग काढते की." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिनं माझ्याकडं संशयानं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण तिनं का बघावं? मी तिचा सर होतो.

इथं थांबलं असतं तर हा एक खोटारडेपणा म्हणून राहिला असता. थांबलं नाही. तिची भरती दोन महिन्यांवर होती. तिथं तिला आठ मिनिटांत यायचं होतं – चालत-पळत आली असती तरी झालं असतं. पण ती सकाळ-संध्याकाळ पळायला लागली. कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यावर, दुपारच्या उन्हातसुद्धा. ते अकरा सेकंद काढायचे म्हणून. जे नव्हतेच! महिन्याभरात ती लंगडायला लागली. मला म्हणाली, "सर, नडगीत कळ येतीया."

आता बोलायचं होतं ना? माणूस आणखी कशाची वाट बघतो? मी म्हणालो, "फौजेत जायचंय ना? तिथं कळ कुणी विचारत नाही." बरोबर, हेच म्हणालो. आणि वर, "मुलींच्या वेळेत तर तू बसतेसच." त्यावर ती म्हणाली, "मला सवलतीतली वर्दी न्हाई घालायची, सर." माझाच शब्द. मी दुसऱ्या पोरांकडं वळलो.

विट्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला तेव्हा हाडाला तडा गेलेला होता. तीन महिने पाय टेकायचा नाही म्हणाले. भरती पंधरा दिवसांवर. ती पट्टी आवळून गेली आणि दुसऱ्या फेरीत पडली. मी तिच्यासोबत गेलोही नव्हतो. तिच्या मावशीचा फोन आला. पुढच्या भरतीला तिचं वय निघून गेलं होतं.

आता ती पाचगणीच्या एका शाळेत मुलांना खेळ शिकवते. नोकरी बरी आहे, लग्न झालंय. आमच्याकडं मुली पाठवते आणि प्रत्येकीला सांगते – सरांकडं जा, ते तोंडावर खरं सांगतात. मला त्यांनी अकरा सेकंदसुद्धा सोडले नाहीत. हे ती अभिमानानं सांगते!

निकष सारखे असावेत की वेगळे, यावर लोक मला विचारतात. हुशार माणसं दोन्हीकडून बोलतात, बोलू देत. मला त्यातलं काय कळतं? माझ्यासमोर एकदा सारख्या निकषावर एक मुलगी पास झाली आणि मी तिला नापास केलं. त्या आकड्याचा मी एकटाच साक्षीदार आहे, आणि तरी चहाच्या टपरीवर मत देतो.

गेल्या महिन्यात तिच्या शाळेच्या क्रीडादिनाला तिनं मला पाहुणा म्हणून बोलावलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं. गेलो. मी शिस्तीवर दहा मिनिटं बोललो. ती बाजूला उभी होती, एका पायावर भार देऊन. नंतर मला गाडीपर्यंत सोडायला आली. मी दार उघडलं, पुन्हा मिटलं. सांगणार होतो का? – नव्हतो.

"हितल्या थंडीत पाय अजून ठणकतो, सर," ती हसत म्हणाली.

मी म्हणालो, "तेल लावत जा."